केबलचं दुसरं टोक

सून काय काम करते असं कुणी विचारलं की माझ्या सासूबाई सांगतात, "कॉम्प्युटरच्या कोठारावर असते." इतकी वर्षं नोकरी करून मलाही याहून बरं उत्तर सापडलेलं नाही. लोक फोटो, पगाराचे हिशोब, एक्स-रे असं काय काय कॉम्प्युटरमध्ये टाकतात आणि विसरून जातात. ते सगळं कुठल्या तरी डिस्कवर जाऊन बसतं. त्या डिस्कांची कपाटं सांभाळायची, एखादी बिघडली तर दुसरी बसवायची आणि आतलं काही हरवू द्यायचं नाही, हे माझं काम. त्याला स्टोरेज म्हणतात.

मी यात शिरले ती हुशारीने नव्हे. मराठी शाळेतून आलेली मुलगी मी. इंग्रजीत प्रश्न आला की आधी घाम यायचा, मग उत्तर. बरोबरच्या मुलामुलींनी पडद्यावर दिसणारी, चारचौघांत सांगता येणारी कामं मागून घेतली. माझी पाळी येईपर्यंत स्टोरेज तेवढं उरलं होतं. पण मशीनची ती थंडगार, घोंघावणारी खोली मला आवडली. तिथे कुणी गप्पा मारायला येत नाही. डिस्क ओढताना मी मनात देवाचं नाव घ्यायचे, अजूनही घेते. चुकीची ओढली तर चांगली बाहेर येते आणि बिघडलेली आत राहते, तेव्हा नुसत्या स्वतःच्या डोक्यावर भिस्त ठेवणं मला कधी जमलं नाही. डोकं माझंच आहे, मला माहीत आहे ते.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. कुणाची फाइल उघडेना झाली की आम्ही स्टोरेजवाले म्हणतो, "आमच्याकडे सगळं ठीक आहे, नेटवर्क बघा." नेटवर्क म्हणजे आमच्या कपाटापासून माणसाच्या टेबलापर्यंतचा केबलचा रस्ता. शेजारच्या खोलीतले नेटवर्कवाले म्हणतात, "रस्ता मोकळा आहे, कोठार बघा." मग दोन्हीकडचे चहा पितात आणि तोवर बहुतेक वेळा फाइल आपली आपण उघडते. हे वाक्य मी इतक्या ठसक्यात म्हणायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई आत्ताच सगळं तपासून आलीय.

ऐकणारे बहुधा बॅटरीवाले असायचे. नेटवर्कचे प्रमुख. खिशात कायम बॅटरी, कारण निम्मा वेळ टेबलांखाली जायचा. ते भांडायचे नाहीत. "बरं ताई," म्हणायचे आणि बॅटरी घेऊन निघायचे, म्हणून मला अजूनच जोर चढायचा.

मग कंपनीने आमची कपाटं काढून टाकली. सगळं सामान दूर कुठल्याशा भाड्याच्या मशीनांवर गेलं. कोठारच उठल्यावर कोठारवालीचं काय करायचं, हा प्रश्न साहेबांना पडला. ते म्हणाले, "तीन महिने नेटवर्कमध्ये बघा. बॅटरीवाले म्हणाले जमतंय, तर राहा." नाहीतर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. दाराकडे बघितलं फक्त.

घर यांच्या पगारात चाललं असतं. माझी भीती वेगळीच होती. मी घरी बसले असते, तर मला दुसरं काहीच येत नाही हे घरच्यांना आठवड्याभरात कळलं असतं.

"ज्यांच्या नावाने इतकी वर्षं खडे फोडलेस, त्यांच्याच हाताखाली?" हे म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं.

सासूबाई भाजी निवडत होत्या. "जाऊ दे तिला. पण आता कुणाच्या नावाने फोडशील गं?"

पहिल्या दिवशी बॅटरीवाल्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "या ताई. आता इकडून कसं दिसतं ते बघा." त्यात टोमणा होता की नव्हता, यावर मी दोन महिने विचार केला. शिकणं मात्र जेमतेम चाललं होतं. त्यांनी विचारलं की मला उत्तर यायचं, पण ते विचारून निघून गेल्यावर.

तिसरा महिना सरत आला तेव्हाची गोष्ट. मीटिंगच्या खोलीत माझं पेन टेबलाखाली गेलं, म्हणून मी वाकले. तिथे केबल खोचायचा एक छोटा डबा होता आणि त्यातून निघालेल्या एका केबलचं दुसरं टोक जमिनीवर लोळत होतं. सुटलेली नाडी, उघडं झाकण, लोंबणारा दोरा, काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. शेजारचं भोक रिकामं होतं. मी टोक उचललं, धूळ पुसली आणि खोचून दिलं. पेन घेतलं आणि आपण आज काहीतरी नीटनेटकं केलं अशा समाधानात जागेवर आले.

मी बसते न बसते तोच सगळा मजला बंद पडला. मेल जाईना, फोन लागेना, छपाईची मशीनं मुकी. माणसं खुर्च्यांवरून उठली. भाड्याच्या मशीनांवर लक्ष ठेवायला माझ्या जुन्या खोलीत मागे ठेवलेली धाकटी सहकारी धावत आली आणि अगदी मी शिकवलेल्या ठसक्यात म्हणाली, "ताई, आमच्याकडे सगळं ठीक आहे. नेटवर्क बघा."

सगळ्या मजल्याच्या केबल जिथे एकत्र येतात, त्या मुख्य डब्याकडे बॅटरीवाले पळाले. मी आपली उपयोगी दिसावं म्हणून खोल्याखोल्यांतून हिंडत होते. मीटिंगच्या खोलीत पुन्हा वाकून बघितलं, तर त्या छोट्या डब्याचे सगळे दिवे एकदम, वेड लागल्यासारखे लुकलुकत होते. मग डोक्यात प्रकाश पडला. केबलची दोन्ही टोकं मी एकाच डब्यात खोचली होती. शेजारपाजारी असतं ना, एकीने सांगितलेली बातमी फिरून तिच्याच कानावर येते आणि ती नवीन समजून पुन्हा सगळ्यांना सांगत सुटते. तो डबा तेच करत होता, आणि त्या गलक्यात कामाचं कुणाला काही ऐकू येत नव्हतं.

मी टोक उपटलं. बाहेर लगेच "आलं, आलं" झालं.

त्याच वेळी बॅटरीवाल्यांनी मुख्य डबा बंद करून चालू केला होता. लोक त्यांची पाठ थोपटायला लागले. मला कुणी बघितलं नव्हतं. मी जागेवर जाऊन बसले. देवाजवळ मी नेहमी धीर मागते. त्या दिवशी मागितलं, की या लोकांना जरा विसरभोळं कर.

बॅटरीवाले आले ते कपाळाला आठ्या घालून. "मी नुसतं बंद-चालू केलं, दुरुस्त काहीच केलेलं नाही," म्हणाले. "आपोआप बरं झालेलं दुखणं परत येतं. रविवारी मुख्य डबाच बदलतो. तुम्हीही यायचं. घरी सांगा, उशीर होईल."

मी गप्प बसले असते, तर एक धडधाकट डबा भंगारात गेला असता आणि हा माणूस मुळात नसलेला बिघाड शोधत बसला असता. आणि त्याला बॅटरी धरून उजेड दाखवायला मी.

"सर, डबा बदलू नका. तो चांगला आहे."

"कशावरून?"

"बिघाड मी होते."

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चला, दाखवा."

आम्ही दोघं टेबलाखाली शिरलो. "लावा परत," ते म्हणाले.

"परत?"

"नुसत्या शब्दावर विश्वास ठेवून रविवार मोकळा करू का?"

मी देवाचं नाव घेतलं आणि लावलं. दिवे पिसाळले. बाहेरून ओरडा आला, "पुन्हा गेलं." बॅटरीवाले दिव्यांवर उजेड मारून शांतपणे बघत होते. "छान," म्हणाले आणि टोक काढलं.

तेवढ्यात दारात साहेबांचे बूट दिसले. "टेबलाखाली काय चाललंय?"

"चाचणी घेतोय साहेब," बॅटरीवाले आतूनच म्हणाले. "सकाळचा बिघाड ताईंनी केला होता, ताईंनीच सांगितला."

बूट टेबलाजवळ आले. "मग त्यांचं काय ठरवलंत?"

माझं डोकं टेबलाला टेकलेलं, गुडघ्यांना रग लागलेली. हलायचीही सोय नव्हती.

"घरी पाठवलं तर दुसऱ्या कुठल्या ऑफिसात जाऊन हेच करतील," बॅटरीवाले म्हणाले. "इथे निदान कुठे शोधायचं ते मला ठाऊक आहे. राहू देत." मग माझ्याकडे वळून, "असे डबे अजून कुठे कुठे आहेत कुणास ठाऊक. उद्यापासून सगळ्या मजल्यांवरच्या टेबलांखाली तुम्ही जायचं."

संध्याकाळी घरी सांगितलं. हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि मला म्हणाल्या, "मग उद्या जुने कपडे घालून जा. चांगले उगाच मळवू नकोस."