एर्मेतेची जागा

आमच्या रोक्कामारा गावात एक रीत आहे. माणूस मरायला टेकला की पाद्र्याला बोलावतात, आणि पाद्री यायच्या आधी थोरल्या मुलाला. पाद्र्याला पापं सांगायची, मुलाला रानातल्या अळंबीच्या गुप्त जागा. माझ्या बापानेही तेच केलं. तीन महिने त्याचं सगळं मी करत होते, उशाशी मीच बसले होते, आणि म्हातारा म्हणतो कसा, "आर्जिया, जरा पाणी गरम कर." पाणी कशाला हवं होतं? कशालाच नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि त्याने माझ्या भावाच्या कानात जागा सांगितल्या. पातेलं घेऊन परत आले तेव्हा दोघंही गप्प. मुलगी लग्न करून जाते, तिच्याबरोबर जागा सासरी जाते, असं आपलं त्यांचं गणित. मी लग्न करून कुठे गेले? चौकाच्या पलीकडे. चाळीस पावलं.

हा माझा भाऊ एर्मेते माझ्याहून सात वर्षांनी मोठा. चौतीस वर्षं पोस्टमन होता. नऊ गावं त्याच्याकडे. त्यातली चार आता ओस आहेत, पण कुठल्या घराची कुठली पायरी हलते हे तो आजही सांगेल. पायाला भिंगरी म्हणतात ती याच्या दोन्ही पायांना. चौकात माझा कॉफीचा बार आहे, तिथे कॉफी प्यायचा तीसुद्धा फेऱ्या मारत. एक घोट दारापाशी, एक खिडकीपाशी. त्याची बायको झेलिंदा म्हणायची, "लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. या माणसाला मी फक्त न्हाव्याच्या खुर्चीत बसलेलं पाहिलंय. तिथेही मान हलवली आणि कान कापून घेतला."

नोकरी संपली तेव्हा तो वेडाच व्हायचा राहिला. पहिल्या महिन्यात त्याने घरातले सगळे दरवाजे काढून पुन्हा बसवले. नशीब, तेव्हाच बाहेरची माणसं यायला लागली होती. मिलानवाले, डच, स्वीडनचे. पाठीवर पिशवी, दोन्ही हातांत काठ्या, आणि चालण्याची हौस दांडगी. एर्मेते त्यांना घेऊन फिरायचा. जुना दगडी पूल, चेस्टनट वाळवायच्या काळ्या पडलेल्या खोपट्या, आणि शेवटी काझोनी, त्या चार ओस गावांतलं एक. काझोनीत तीस वर्षांत कोणी राहिलेलं नाही. पावाच्या भट्टीतून अंजिराचं झाड वर आलंय. तिथे उभा राहून तो सांगायचा, "या भिंतीच्या अलीकडे एक बहीण राहायची, पलीकडे दुसरी. भांडण झालेलं, बोलणं बंद. मग एकमेकींना पत्रं लिहायच्या. मी इकडून घ्यायचो, खाली गावात नेऊन शिक्का मारायचो, दुसऱ्या दिवशी परत वर आणून अकरा पावलांवर टाकायचो." पाहुणे हसायचे. मला कधी हसू आलं नाही. त्या दोघी मला चांगल्या समजायच्या.

काझोनीहून परतायची सरळ वाट काळ्या घळीतून आहे, अर्ध्या तासाची. एर्मेते लोकांना डोंगराच्या धारेवरून दीड तास फिरवून आणायचा. "घळीत साप फार," म्हणायचा. डच बायका तिथल्या तिथे पाय उचलायच्या. घळीत साप नव्हते, अळंबी होती.

त्याच्या लबाडीला तोड नव्हती. पहाटे आपली खटारा पांडा गाडी नदीपलीकडे सान रोक्कोच्या देवळापाशी उभी करायचा, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की स्वारी पलीकडच्या रानात आहे. मग दगडांवरून नदी ओलांडून अलीकडे यायचा आणि पडक्या गिरणीमागून वर चढायचा. फोन घरी ठेवायचा. "फोन चुगली करतो," म्हणायचा. "हल्ली तो कुठे कुठे जाऊन आलात तेसुद्धा सांगतो." गावातले सगळेच असले उद्योग करतात. पण पांडा जिथे उभी आहे तिथे एर्मेते नक्की नाही, एवढं गावाला समजायचं. कुठे आहे, ते नाही.

मला मात्र माहीत होतं. बारा वर्षांपूर्वी, नवरा गेला त्या वर्षी, एका पहाटे माझं डोकं फिरलं आणि मी त्याच्या मागे गेले. गिरणीमागे अर्धा तास लपून राहिले. वर घळीत तो गुडघ्यांवर बसला होता आणि एकेक अळंबी नाकाशी धरून वास घेत होता. म्हटलं, हे माझ्या बापाचं आहे. निम्मं माझं आहे. त्यानंतर मीही जायला लागले. गावाला सांगायचे, बारमधली अळंबी खालच्या दरीतला एक माणूस आणून देतो. एर्मेते माझ्याकडे जेवायला यायचा, पास्त्यावरचा अळंबीचा रस्सा चाखायचा आणि तोंड वाकडं करायचा. "बरी आहेत. पण दरीतलीच ती, वास नाही." मी कोठीत जाऊन पोट धरून हसायचे.

गेल्या ऑक्टोबरात एका सकाळी नऊ डच पाहुणे बारमध्ये बसले होते. त्यांच्या माणसाने आदल्या संध्याकाळी फोन करून मला न्याहारी सांगितली होती, म्हणून मी लवकर उघडलं. एर्मेते त्यांना दहाला चौकात भेटणार होता. बाहेर धुकं असं की चौकातलं कारंजं दिसेना. दहा वाजले. सव्वादहा वाजले. चौतीस वर्षं ज्याने बर्फातही पत्र दहाचं सव्वादहाला नेलं नाही, तो आला नाही. पाहुण्यांनी दुसऱ्यांदा बुटांचे बंद बांधले. झेलिंदा ओला एप्रन तसाच बांधून आली. "इथे आलाय का?"

"नाही," मी म्हटलं. "येईल. कुठेतरी गप्पा मारत असेल."

"एर्मेते? गप्पा मारत?"

तिचं बरोबर होतं. उभा राहिला तरच माणूस गप्पा मारणार ना.

अकरा वाजता फाउस्तो आला, आमचा सुतार. पांडा सान रोक्कोपाशी आहे, म्हणाला. दार बंद, बॉनेट गार. झालं, दुसरा धागाच नव्हता, म्हणून गावातले दहा-बारा जण नदीपलीकडच्या रानात गेले. त्यांच्या हाका धुक्यातून बारपर्यंत ऐकू येत होत्या. "एर्मेते! ए एर्मेते!" मी काउंटर पुसत होते. पुसलेलंच पुन्हा पुसत होते. माझ्या ओठांवर आलं होतं, अरे, पलीकडे नाही, अलीकडे बघा. पण मग पुढे काय सांगू? तुला कसं माहीत, असं विचारतील. झेलिंदा समोर बसलेली. आणि तो अर्ध्या तासात टोपली घेऊन शीळ घालत आला तर? बारा वर्षांची चोरी मी स्वतःच्या तोंडाने सांगून मोकळी झालेली असणार, आणि तोही नेमका दारात उभा असणार. म्हटलं, थोडं थांबू. साडेअकरापर्यंत. साडेअकरा झाले तेव्हा म्हटलं, बारापर्यंत. कॉफीचं मशीन नीट चालत होतं तरी दोनदा उघडून साफ केलं. एका डच बाईने मला खुणेने खाली बसायला सांगितलं. मी तिच्यावर खेकसले.

एकच्या सुमाराला दरीतून डोंगरी बचावपथक आलं. त्यांची प्रमुख एक वेणीवाली पोरसवदा मुलगी, पण आवाज हवालदाराचा. तिने माझ्या मोठ्या टेबलावर नकाशा पसरला आणि रानातून हात हलवत आलेल्या सगळ्यांना भोवती उभं केलं.

"गाडी फसवायला उभी केलेली असते असं तुम्हीच म्हणता. ठीक. मग अळंबी कुठे मिळतात ते दाखवा. प्रत्येकाने आपापल्या जागेवर बोट ठेवायचं. जे रान उरेल त्यात त्याची जागा असणार, ते आम्ही आधी बघू."

टेबलाभोवती आठ पुरुष होते. आठही जणांनी हात खिशात घातले.

"आम्ही कुठे जातो हो," एकजण म्हणाला. "इथेच, घरामागे."

"मी तर यंदा गेलोच नाही," फाउस्तो म्हणाला. त्याच्या बुटांना गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"दोन मिळतात कधीतरी. रस्त्याच्या कडेला."

मुलगी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. "तुमचा माणूस हरवलाय," ती म्हणाली. "सत्तरीला आलेला माणूस. कळतंय का तुम्हाला?"

कळत होतं. सगळ्यांना कळत होतं. हे लोक एर्मेतेसाठी नदीत उडी मारतील. त्या दिवशी दोघांनी मारलीही होती. पण बोट म्हणजे बोट. बापाने मरताना दिलेली जागा माणूस नकाशावर कशी दाखवणार? झेलिंदा उठली आणि एकेकाच्या दंडाला धरून हलवायला लागली. "सांग ना रे! तू सांग! माझी शपथ आहे!" मला माझी लाज वाटली, इतकी की हात आपोआप पुढे गेला.

मी काळ्या घळीवर बोट ठेवलं.

"तिथे तो जातच नाही," झेलिंदा म्हणाली. "तिथे साप आहेत."

"साप नाहीत, झेलिंदा. तिथेच जातो तो. गिरणीमागून, वर, मोठ्या चेस्टनटच्या खाली."

"तुला काय माहीत?"

"मी जाते तिथे. दर गुरुवारी. बारा वर्षं."

दर गुरुवारी माझा बार सकाळी बंद असतो, आर्जिया दरीत बाजाराला जाते, हे गावातल्या मांजरालाही ठाऊक. त्या दिवशी गुरुवारच होता. झेलिंदाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एक वाजून वीस मिनिटं झाली होती. ती म्हणाली, "अकरा वाजल्यापासून तू इथेच होतीस." आणि मुलीच्या मागोमाग बाहेर पडली.

आम्हाला तो सव्वादोनला सापडला. घळीच्या तळाशी दगडांत उताणा, तोंड राखेसारखं, उजवा पाय मांडीतून भलतीकडे वळलेला. पथकातल्या माणसांच्या आधी मी पोचले, मला वाट पाठ होती. त्याने डोळे उघडले.

"उशीर केलास," तो म्हणाला.

मला वाटलं भ्रमात बोलतोय.

"सातला पडलो. सरपटत गिरणीपर्यंत गेलो असतो, गेलो असतो मी. पण म्हटलं, कशाला? गुरुवार आहे. नऊला तू येशील."

"तुला माहीत होतं?"

"तू देठ तिरका कापतेस. आईसारखा." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "पहिल्या वर्षापासून. म्हणून तर मी वरच्या अंगाचं घ्यायचो. खालचं तुला ठेवायचो. तू कशी काय आली नाहीस?"

मी म्हटलं, "डच लोकांना न्याहारी होती." हे खरं होतं. पण ते नऊचं उत्तर होतं, अकराचं नाही.

त्याचा पाय गेला, गुडघ्याच्या वरून. शहरातल्या डॉक्टरांनी झेलिंदाला सांगितलं की हाडाने रक्ताची नळी दाबली होती, अशा वेळी पायाला सहा तास असतात, फार तर थोडे जास्त. मी तिच्या शेजारी उभी होते. सातात सहा मिळवायला कोणाला कागद लागत नाही. झेलिंदाने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आता तो सकाळी माझ्या बारमध्ये खिडकीशी बसतो. बसतो म्हणजे काय, खुर्चीचा जीव घेतो. कुबडी इकडे ठेव, तिकडे ठेव, खिडकी उघड, लाव. काझोनीला पाहुणे मी नेते. परत आले की तो उलटतपासणी घेतो: भट्टी दाखवलीस का? बहिणींचं सांगितलंस का? अकरा पावलं म्हणालीस की बारा? मी उत्तरं देते आणि भांडी घासत राहते, कारण हात थांबला की ते दोन तास परत वर येतात. सहा महिने मी रोज ठरवत होते की आज सांगायचं. रोज त्याची कॉफी भरायची आणि गप्प बसायचं.

मागच्या आठवड्यात सांगितलं. बार रिकामा होता. म्हटलं, "एर्मेते, पांडा अकरालाच सापडली होती. मी एकपर्यंत बोलले नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला. "झेलिंदाने हॉस्पिटलातच सांगितलं."

"मग तू बोलला का नाहीस काही?"

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "घळीत तू पडली असतीस आणि इथे टेबलापाशी मी असतो ना आर्जिया, तर मी दोनपर्यंतही बोट ठेवलं नसतं."

मला बरं वाटावं म्हणून तो हे बोलला, की ते खरंच तसं आहे, हे मला अजून कळलेलं नाही. विचारायची हिंमत होत नाही.