मंदाआत्या तव्यावर बसली तेव्हा

आधी नाव सांगते. मंदाआत्या. माझ्या वडिलांची थोरली बहीण, परतूर तालुक्यातल्या आष्टीची. आज मी चाकणच्या कंपनीत स्वतःच्या पगारावर उभी आहे, ती तिच्यामुळे. ती गेल्याचं मला उशिरा कळलं... कामावर मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत उघडला तर आईचे अकरा मिस्ड कॉल. गाडी धरून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्याला आता दीड महिना झाला. माझी शाळा नववीत सुटली, काही चुकीचं लिहिलं जाईल अशी धास्ती वाटते. पण मी गप्प बसलेलं आत्याला चाललं नसतं.

आत्या लग्नांत पोळ्या करायची. गल्लीतला मोठा लोखंडी तवा तिचाच, एका वेळी सहा पोळ्या मावायच्या. रीत अशी की पहिली पोळी तिने टाकायची, मगच बाकीच्या बायांनी लाटणं हातात घ्यायचं. लॉकडाऊन लागला, लग्नं थांबली आणि तिचं काम गेलं. बाबांची मोंढ्यातली, धान्याची पोती उचलायची हमालीही गेली. आधी शेळ्या विकल्या, मग आईचे कानातले... घरात एकच साधा फोन, त्यामुळे मोबाईलवरची शाळा माझ्यासाठी भरलीच नाही. आत्याकडे गेलं की ती कोरा चहा पुढे करायची. "दूध न्हाई म्हणून तोंड नको पाडू, रंग तर हाय ना!"

मग पन्नास माणसांत लग्न लावायची परवानगी मिळाली आणि बाबांनी माझं ठरवूनच टाकलं. मी पंधरा वर्षांची. बाबा वाईट नव्हते, हे मला आजही सांगावंसं वाटतं. "पुढं सगळं गाव जेवू घालायला कुठून आणू? आत्ता पन्नासात उरकतंय," हे ते भिंतीकडे बघत म्हणाले होते. आमच्याकडे नवरीला नेसवतात ती पांढरी साडी आली, गहू दळून आले. तव्याचं मात्र कुणी विचारलंच नाही. आत्याचा तवा, तो येणारच...

लग्नाच्या सकाळी आई तो आणायला गेली, मी मागोमाग. आत्याने तवा उंबऱ्यात पालथा घातला होता आणि त्यावर ती मांडी घालून बसली होती. कित्येक महिन्यांनी काम चालून आलं होतं, तिच्या डब्यात पीठ नव्हतं, तरी बसली होती. बाबा धावत आले.

"अक्का, ऊठ जल्दी. पाहुणे येऊन राह्यले."

"येऊ दे. उपाशी जातील."

"माझी इज्जत जाईल ना!"

"आन् पोरीचं काय जाईल? पोतं हाय का ती, एका पाठीवरून उतरवून दुसऱ्या पाठीवर द्यायला?"

हमाली केलेला माणूस, बाबा तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. बाया लाटणी घेऊन जमल्या होत्या. शेजारच्या कमलमावशीने आपलं लाटणं पदराखाली घेतलं. "मंदाबाईची पहिली पोळी पडल्याबिगर आमी बसणार न्हाई." चूल पेटलीच नाही. नवरदेवाचे मामा चौकशीला आले तेव्हा आत्या बसल्या जागेवरून ओरडली, "पोरगी नववीत हाय! वयाचा कागद शाळेत हाय, बघता का?" मामा चपला शोधायला लागले.

बाबा वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत. "बोलंल, भूक लागली की बोलंल," असं ती म्हणायची. मग एके दुपारी ते आले, तिच्या हातची पोळी खाऊन मान खाली घालून गेले. शाळा मला परत मिळाली नाही. मी तिच्याबरोबर कापूस वेचला. अठरा पूर्ण झाल्यावर तिनेच मला चाकणच्या बसमध्ये बसवलं.

गावाहून निघताना भंगारवाला आत्याच्या दारात उभा होता. मी तवा दिला नाही. तो आता माझ्या खोलीत दारामागे उभा आहे, गॅसवर मावत नाही, मैत्रिणी हसतात. हसू देत. यंदा मी बाहेरून दहावी द्यायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, पण आत्या, तेवढ्याने तुझं देणं फिटत नाही. कमलमावशीची नात आता आठवीत आहे. गल्लीत तिच्या किंवा आणखी कुणा पोरीच्या लग्नाची घाई झाली, तर मला एक फोन पुरे. मी तवा घेऊन येईन, उंबऱ्यात पालथा घालीन आणि त्यावर मांडी घालून बसेन.