मांजराच्या टोपलीचा तपास

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, कारखान्यांतल्या चोऱ्यांची तर गणतीच नाही. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. एका प्रकरणाचा मात्र कागद न् कागद अजून डोळ्यांसमोर येतो, आणि ते प्रकरण मांजरांचं होतं. हसू येत असेल तर हसून घ्या. आमच्या ठाण्यातही सगळे हसले होते.

तेव्हा पालघर तालुक्यातल्या किनाऱ्याकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत बसलो होतो, तेवढ्यात एडवणच्या बाजूच्या एका मच्छीमार गावातल्या मावशी दहा-बारा बायकांना घेऊन आल्या. वय सत्तरीकडे, आवाज खणखणीत. गावात त्यांचा शब्द चालत असे.

"साहेब, आमची मांजरं कोनीतरी विष घालून मारतोय. माझी चार गेली. ओकतात, पान्याच्या भांड्यावर मान टाकून बसतात, पन पीत नाय. दोन दिवसांत खलास."

ठाणे अंमलदार हळूच म्हणाला, "साहेब, आता मांजर आडवं जायची भीती नाही. आपले सगळे तपास लागणार." मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. कोळीवाड्यात मांजर हौसेपोटी पाळत नाहीत. बाहेर वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडणीवर, बोंबील सुकत असतात, घरात जाळी रचलेली असतात, आणि उंदरांनी मनावर घेतलं तर जाळ्याची चाळण व्हायला वेळ लागत नाही. शिवाय जनावराला विष घालणं हा दखलपात्र गुन्हा आहे. मी फिर्याद नोंदवून घेतली.

मावशींचा संशय एकाच माणसावर होता. सोलापूरकडचा तरुण, बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका ठेकेदाराकडे पाळीवर जाणारा. बायको आणि सात वर्षांच्या मुलीसह गावात भाड्याने राहत होता. त्याने भर रस्त्यात मावशींना सुनावलं होतं, की तुमची मांजरं रोगट आहेत, कुणाला देत जाऊ नका.

"आधी माझ्या मांजरांना नावं ठेवली, मंग मारली," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. त्या भाडेकरूने बोईसरच्या बाजारातून उंदराचं औषध नेलं आहे, एवढंच सांगून माणसाने फोन ठेवला. पंचांसमक्ष खोलीची झडती घेतली, तर फडताळात अर्धी पुडी सापडली. धमकीवजा बोलणं, विष आणि परका माणूस. पोलिसाला सुतावरून स्वर्ग गाठायला याहून जास्त सूत लागत नाही.

नोटीस देऊन त्याला ठाण्यात बोलावलं. त्याला समोर बसवूनच मी त्याच्या ठेकेदाराला फोन लावला आणि तो कोणत्या दिवशी कोणत्या पाळीला होता ते विचारलं. ठेकेदाराने कारण विचारलं, मी सांगितलं: "विषबाधेच्या गुन्ह्यात संशयित आहे." नेहमीची चौकशी, नेहमीचं वाक्य. फोन ठेवला आणि विसरलो.

चौकशी दोन दिवस चालली. तो आवाज चढवत नव्हता, रडतही नव्हता. अशा माणसाचा पोलिसाला जास्त संशय येतो, हे आमचं एक अज्ञान.

"औषध उंदरासाठी आणलं व्हतं, साहेब. घरात मांजर व्हतं तवा लागत नव्हतं. मांजर मेलं, उंदीर वाढले."

"तुझ्याकडे मांजर होतं?"

"मावशीनंच दिलं व्हतं की पोरीला. टोपलीसकट. पाचव्या दिवशी मेलं. पोरगी जेवंना. म्हणून मावशीला बोललो, रोगट हायेत म्हणून."

जबाबात हे सगळं मीच लिहून घेतलं आणि समासात शेरा मारला: दिशाभूल करतो. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. मी डोळे मिटून जबाब घेत होतो.

तिसऱ्या दिवशी प्रकरण हाताबाहेर जाऊ लागलं. विषाचे गोळे कुठे टाकलेत का हे पाहायला बीट हवालदाराला गावामागच्या सुरूच्या बनात पाठवलं होतं. तिथे गाव मासळीचा टाकाऊ भाग टाकतं आणि मेलेली मांजरंही तिथेच. मांजर मारल्याचं पाप काशीला सोन्याचं मांजर दान केल्याशिवाय फिटत नाही, अशी समजूत. ते पाप आपल्याला चिकटेल म्हणून मेलेल्या मांजराला कुणी हात लावायला, पुरायला धजत नसे. काठीने गोणीत ढकलायचं आणि गोणी बनात सोडून यायची. हवालदाराला त्या ढिगाजवळ एक रानमांजर आणि एक उदमांजर मेलेलं आढळलं. उदमांजर त्याच सकाळी मेलेलं असावं.

वन्य प्राणी म्हटल्यावर वन खातं आलं, कायदा कडक झाला. गावातलं मांजर मारल्याच्या गुन्ह्यात माणूस जामिनावर सुटला असता. आता त्याच्यापुढे तुरुंग दिसत होता. बाहेर बाकावर त्याची बायको मुलीला घेऊन बसलेली होती. मुलीने मला विचारलं, "बाबांनी काय केलं?"

उदमांजराचं शवविच्छेदन तालुक्याच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांनी केलं. पंचविशी-तिशीच्या बाई, बोलणं मोजकं. संध्याकाळी त्या स्वतः ठाण्यात आल्या.

"साहेब, व्हिसेरा प्रयोगशाळेत पाठवा, पण विष निघेल असं मला वाटत नाही. आतडी पाहिली. कुत्र्यांचा पार्व्हो ऐकलाय ना? त्याचाच भाऊबंद मांजरांत असतो. चाचणीची पट्टी लावली, तीही तेच सांगते. रानमांजर, उदमांजर यांनाही तो होतो. माणसाला होत नाही."

"गावातल्या मांजरांनाही तेच?"

"पाण्यावर मान टाकून बसतात आणि पीत नाहीत, हे त्या रोगाचंच लक्षण. एक विचारू? सगळी एकदम मेली की घराघराने?"

मी फिर्याद काढली. घराघराने मेली होती, मध्ये आठ-आठ, दहा-दहा दिवस सोडून. विष असं घरं मोजत जात नाही.

"मग घरातून घरात काय जातं ते शोधा," डॉक्टर म्हणाल्या. "हा विषाणू वस्तूला चिकटून महिनोन् महिने टिकतो."

त्या गेल्यावर मी माझ्याच हातचा जबाब पुन्हा वाचला. 'टोपलीसकट.'

सकाळी मावशींच्या ओटीवर जाऊन बसलो. त्यांनी आधी चहा दिला, मग रीत सांगितली. मांजर माणसाला नाही, घराला धरून राहतं. म्हणून पिल्लू दुसऱ्या घरी देताना ते ज्या टोपलीत वाढलं त्या टोपलीतच द्यायचं. पिल्लू रुळलं की टोपली मावशींकडे परत. तीही रिकामी नाही, मूठभर सुकी मासळी टाकून. मग पुढचं पिल्लू त्याच टोपलीत पुढच्या घरी. ज्याचं मांजर मेलं त्याला मावशी लगेच दुसरं पिल्लू देत, कारण हंगामात घर मांजरावाचून कसं राहणार?

डॉक्टरांनी सांगितलेला रोग त्यांच्या कानावर घातला आणि पिल्लं कोणाकोणाला दिली ते विचारलं. त्या बोटांवर घरं मोजू लागल्या. मी फिर्यादीतली यादी जुळवत गेलो. सातव्या घराला त्या थांबल्या. हुशार बाई. मला काही सांगावं लागलं नाही.

"म्हंजे बिमारी मीच पोचवली," त्या म्हणाल्या. "त्या पोरीच्या घरात पन."

मला त्यांची मनापासून दया आली, आणि स्वतःचा राग. त्यांनी न कळून केलं होतं. माझ्या हातात तर लिहिलेला कागद होता.

रोग रानातून घरात आला की घरातून रानात गेला, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. गोण्या आणि ढीग खोल खड्ड्यात पुरले, ओट्यांवर ब्लिचिंग पावडर मारली. त्या हंगामात नवं पिल्लू आणायचं नाही असं गावाने ठरवलं. टोपली मावशींनी स्वतः किनाऱ्यावर नेऊन जाळली. प्रयोगशाळेचा अहवाल विष नसल्याचा आला. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून मी समरी अहवाल न्यायालयात पाठवला आणि फाईल बंद केली.

मावशी ऐकेनात. "त्याला भेटाया नेवा मला, साहेब." तोवर त्याला घरमालकाने खोली सोडायला लावली होती आणि तो बोईसरला एका चाळीत राहत होता. आम्ही गेलो तेव्हा तो भर दुपारी घरातच होता. मावशींनी नवी कोरी टोपली पुढे केली, आत सुके बोंबील.

"चुकला रं बाबा माझा."

"मावशी, तुमच्यावर राग नाय," तो म्हणाला. "तुमचीबी मेलीच की." मग माझ्याकडे वळला. "साहेब, तुमी ठेकेदाराला फोन केला, तवा मी समोर बसलो व्हतो. त्याच दिवशी गेटपास काढून घेतला त्यानं. परत फोन करून सांगितलं का, की मी नाय म्हणून?"

नव्हतं सांगितलं. न्यायालयाला कळवलं, वरिष्ठांना कळवलं, वन खात्याला कळवलं. ज्याला पहिल्यांदा कळवलं होतं, तोच राहिला होता. तिथेच उभं राहून फोन लावला. ठेकेदार नम्रपणे म्हणाला, "बरं झालं साहेब सांगितलंत. पण ती जागा भरली आता."

नंतर मी दोन-तीन ठिकाणी शब्द टाकला. काही महिन्यांनी त्याला काम मिळालं, पण पहिल्यासारखं नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ज्याच्याबद्दल चौकशीचा फोन केला आणि ज्याच्यावर काही निघालं नाही, त्याच्यासाठी दुसरा फोन केल्याशिवाय मी फाईल बंद केली नाही. हे कुठल्या नियमावलीत नाही. माझ्या हाताखालच्यांना ते जाचक वाटायचं.

त्या दिवशी निघताना त्याच्या बायकोने टोपलीतले बोंबील काढून घेतले, टोपली पुसली, तिच्यात शेंगाचटणीची पुडी ठेवली आणि मावशींच्या हातात दिली. टोपली रिकामी परत करायची नसते, हे तिलाही ठाऊक होतं. त्या दारात रिकाम्या हाताने गेलेला मी एकटाच होतो.