तीन पायांचा टेकू

दादा कुठलाही बांबू आधी जमिनीवर उभा धरायचे, त्यावर अंगाचा सगळा भार टाकायचे आणि मगच भाव विचारायचे. "टेकू आधी बघायचा, मास्तर. घड काय, येतोच." केळीच्या बागेत हे शहाणपण आहे. घडाने झाड वाकतं, आणि दोन बांबूंची कैची लावली नसेल तर एका वावटळीत वर्षाची कमाई आडवी होते. पण दादा हा नियम सरकारला, सोयरिकीला आणि माझ्या घरच्या खुर्च्यांनाही लावत. बसण्याआधी खुर्ची हलवून बघत. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. अशा माणसाच्या फर्निचरवर भरवसा कोण ठेवणार?

त्यांची बाग फोपनारला आणि घर बऱ्हाणपुरात, माझ्या भिंतीला भिंत लावून. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी इंदूरला दिलेली. तिचे सासरे म्हणजे शौकीन गृहस्थ. आपल्याकडे शिकारीला बंदी, म्हणून ते आफ्रिकेत जाऊन, परवाना काढून, रीतसर शिकार करत. त्यांच्या दिवाणखान्यात भिंतीवर एक शिंगवालं डोकं होतं आणि त्याखाली बसून ते वरणभातसुद्धा पराक्रम केल्यासारखा खात. एका दिवाळीत ते दादांना म्हणाले, "व्याहीबुवा, या वेळी चला सोबत. की झेपणार नाही?"

शेवटचं वाक्य त्यांनी गिळलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

बंदूक तिकडे मिळणार होती. बंदूक ठेवायचा टेकू आणि शिकार ओढून आणायचा गाडाही मिळणार होता. "दुसऱ्याच्या टेकूवर आपला नेम?" दादांनी मान हलवली, आणि आमच्या गल्लीत पार्सलं येऊ लागली. एकपायी टेकू, दोनपायी टेकू, तीनपायी टेकू. पार्सलवाल्याला वाटलं, दादांनी फोटो स्टुडिओ काढला.

रविवारी सकाळी आम्ही फोपनारला परीक्षेला गेलो. बंदूक म्हणून ठिबकच्या पाइपाचा तुकडा, आणि हरीण म्हणून बांधावरचा भोपळा. एकपायी टेकूवर पाइप ठेवला तर त्याचं टोक हवेत जिलबी काढू लागलं. मी म्हणालो, "काठी बेकार आहे."

"काठी चांगली आहे, मास्तर," दादा म्हणाले आणि उजवा हात माझ्यापुढे धरला. बोटं आपापली हलत होती, मालकाला न विचारता.

खंडव्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे वाढणार. घरी कुणाला ठाऊक नव्हतं. "पोरीला कळलं की पहिल्यांदा मोटरसायकलची चावी जाईल, मग बाग. इंदूरला गॅलरीत बसवून देईल मले. आणि व्याही रोज विचारतील, आज तब्येत कशी आहे? एकदा त्यांच्यासमोर ताठ उभा राहून येतो. पुढचं पुढे."

मग मीही मनापासून टेकू बघू लागलो.

तीनपायी पसंत पडला. दादांनी त्याचे तिन्ही पाय बागेतल्या सवयीने वीतभर मातीत पुरले, माती दाबली, वरून पाणीही घातलं. मग भोपळा दुसऱ्या बांधावर नेऊन ठेवला, तर टेकू हलेना.

"दादा, केळ पळत नाही. हरीण पळतं."

ते टेकूकडे बघत राहिले आणि एवढे हसले की खाली बसले. "च्यायला, आयुष्यभर उभ्या मालाचा धंदा केला!"

गाडेही दोन मागवले होते, त्यांची परीक्षा राहिली होती. एकचाकी गाडा सरीत कलंडला. दोनचाकी, जाड टायरचा उघडला, तर वजन म्हणून घालायला काही नव्हतं. दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी चढलो, पाय वर घेतले, आणि केळीच्या रांगांमधून माझी यात्रा निघाली.

"जरा हळू," मी म्हणालो.

"मेलेलं जनावर बोलत नसते."

पाणी सोडणारा गडी खोऱ्यावर रेलून बघत होता. "दादा, मास्तरले काय झालं?"

"काही नाही रे. टायर पाहून राहिलो."

"मंग ठीक," म्हणून तो कामाला लागला. दादांबरोबर काम करणाऱ्यांना फार आश्चर्य वाटत नसे.

ते गेले आणि पंधरवड्याने परत आले. इंदूरहून सगळीकडे निरोप फिरला की वारा उलटा होता, म्हणून शिकार साधली नाही. मला मात्र ओट्यावर खरं सांगितलं. "हरीण समोर उभं, मास्तर, घोड्याएवढं. टेकूवर बंदूक टेकवली अन् काय सांगू, जराही हलेना. वर्षभरात पहिल्यांदा माझा हात असा शांत दिसला. मी हातच पाहत राहिलो. हरीण आपलं निघून गेलं."

"आणि गाडा?"

"कामात आला ना. ओढ्यात उतरताना व्याह्यांचा पाय मुरगळला. तिकडची जीप वरच थांबलेली. त्यांना घातलं अन् वर ओढलं." दादांचे डोळे चमकले. "मधेच म्हणतात कसे, व्याहीबुवा, तुमचे हात थरथरून राहिले. म्हटलं, वजन पाहा तुमचं!"

त्यानंतर व्याह्यांनी झेपण्याबिपण्याचं काढलं नाही.

ही लपवाछपवी आणखी दीड वर्ष चालली. मग चहा बशीत सांडू लागला, बशीतून धोतरावर. एकदा जैनाबादच्या रस्त्यावर मोटरसायकल घसरली. पोरगी आली तेव्हा तिने मागायच्या आत त्यांनी चावी तिच्या तळहातावर ठेवली. बाग पुतण्याला दिली.

इंदूरला निघाले त्या दिवशी गल्ली गोळा झाली होती. कुणी मावा जिलबी दिली, कुणी पाया पडलं. गाडी सुरू झाली तसा त्यांनी उजवा हात खिडकीबाहेर काढला. कोपऱ्यापर्यंत तो हलत राहिला. आम्हीही सगळे हात हलवत होतो. त्या गर्दीत त्यांचा हात कुणाला वेगळा दिसला नाही.