कुंकू लागलेली मोटारींची पुस्तकं

सावळा पहाटे साडेचारला उठायचा. भाकरी फडक्यात बांधून भाटघरहून फाट्यापर्यंत पायी, तिथून मिळेल त्या ट्रकने शिवऱ्याला. आठच्या आत गॅरेज झाडून हत्यारं मांडलेली असत. मी तिथंच पत्र्याचं काम करायचो. अकरा वर्षांत त्याला दोनदाच उशीर झाला. दोन्ही वेळा ट्रक बंद पडला होता, आणि दोन्ही वेळा त्यानेच तो चालू करून आणला.

त्याचे चुलते चिमाजी पुण्यात कॅम्पातल्या एका मोटारींच्या दुकानात सव्वीस वर्षं गाड्या पुसत होते. गाडी बघायला आलेल्याला तिथं रंगीत चित्रांचं पुस्तक देत. निम्मे लोक ते बाकावरच टाकून जात. चिमाजी ते उचलून, घडी सरळ करून ठेवत. दुकान बंद झालं तेव्हा मालकाने कपाटातलं उरलंसुरलंही त्यांना दिलं: दरपत्रकं, रंगांचे नमुने चिकटवलेले पुठ्ठे, सुट्या भागांची जाड पुस्तकं. ते सगळं पत्र्याच्या ट्रंकेत भरून एसटीने गावी आणलं. १९६३ साली ते वारले. मूलबाळ नव्हतं, ट्रंक सावळाकडे आली.

सावळा चौथी शिकलेला, इंग्रजी येत नव्हतं. पण सुट्या भागांच्या पुस्तकात इंजिन उकलून काढलेलं असतं आणि प्रत्येक नटाला आकडा असतो. इंग्रजी आकडे तो ट्रकांच्या नंबरपाट्यांवरून शिकला. रोज एक चित्र घ्यायचं, डोळे मिटून मनात जोडायचं, चुकलं तर पुन्हा. असं दोन वर्षं केलं. आमच्यात हाताने त्याच्याएवढं चांगलं काम करणारे होते. त्याच्याएवढं बघून काम करणारा नव्हता.

घराचं छप्पर गवताचं होतं. पावसाळ्यात ट्रंक या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवावी लागे. त्याची बायको सोजराबाई दरवर्षी म्हणायची, "आवं, आधी कौलं घाला. कागदं मागनं सांभाळा."

१९७४ च्या उन्हाळ्यात पुण्याचे एक वकील गाडीत पाणी भरायला गॅरेजात थांबले. सावळा तेव्हा पुस्तक उघडून एक भाग ताडून बघत होता. वकिलांना जुन्या मोटारींचा नाद. रविवारी ते थेट भाटघरला आले. सोजराबाईने ट्रंक उघडली. वकिलांनी पहिलं पुस्तक हातात घेतलं आणि खालीच बसले. मुखपृष्ठावर मोटार होती, आणि मोटारीवर हळदीकुंकवाची पाच बोटं.

"हे काय, बाई?"

"दसऱ्याची पूजा. ह्यांच्या हत्यारांची करते, तशी चुलत सासऱ्यांच्या हत्यारांची."

"सगळ्यांवर?"

"एक ठेवून एक कशी करायची?"

"अहो, कोऱ्या पुस्तकाला किंमत असते. याची निम्मी झाली."

"आमच्यात कुंकू लागल्यावर वाढती. तुमच्यात कमी हुती व्हय?"

वकील हसत होते, तेवढ्यात एक पुस्तक पाहून थांबले. त्यांच्याकडे तीसेक वर्षांपूर्वीची एक लांब नाकाची मोटार होती. कुणीतरी तिचा गिअरबॉक्स उकलून आंब्याच्या पेटीत भरून दिला होता. हे पुस्तक त्याच मोटारीचं. वकिलांनी सगळ्या ट्रंकेची अशी रक्कम सांगितली की तिच्यात घरावर कौलं आली असती. सोजराबाईने वर छपराकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"पुस्तकं न्हाई देत," सावळा म्हणाला. "मोटार जोडून देतो."

"तुला इंग्रजी येतं का रे?"

"न्हाई. चित्र येतं."

वकिलांनी अट घातली. मोटार घाटाकडच्या हिर्डोशीपर्यंत चढली आणि टाकलेला गिअर आपोआप सुटला नाही, तर पुरी मजुरी. सुटला तर ट्रंक फुकट त्यांची. सावळाने मान हलवली. सोजराबाईने ट्रंकेचं झाकण आपटलं.

मोटार भोरला एका शेडमध्ये आणून ठेवली. सावळा अडीचला उठू लागला. तिथं दोन तास काम, मग शिवऱ्याला दिवसभर. रविवारी मी हाताखाली जायचो. सहा आठवडे गेले. प्रत्येक भाग रॉकेलने धुतला, फडक्यावर आकड्याप्रमाणे मांडला, तसाच बसवला. शेवटी फडक्यावर एक पातळ चकती उरली, ढब्बू पैशाएवढी. चकती उरणं म्हणजे काम चुकणं. तरी मोटार भोरच्या चढावर चालवून बघितली. दुसरा गिअर सुटला.

गिअरबॉक्स उकलला, पुन्हा जोडला. चकती उरलीच. पुस्तकात दुसऱ्या गिअरच्या पानावर दात्यांच्या चाकाचं चित्र होतं, आणि त्याच्या मधोमध तेलात कालवलेलं कुंकू. खालचं काहीच दिसत नव्हतं.

सावळाने पुस्तक घरी नेलं. "हितं आत कशाला लावलंस?"

"ते चाक देवाच्या चक्रासारखं दिसलं. म्हनलं, ह्यालाबी लावावं." मग तिनं विचारलं, "काय उरलंय?"

त्याने चकती दाखवली.

"बाकी समद्याला जागा घावली?"

"व्हय."

"मग ही कुंकवाखालची. आनिक कुठली आसंल?"

एवढा सरळ हिशेब आम्हा दोघांना आठवडाभर सुचला नव्हता. दुसऱ्या दिवशी चकती चाकाच्या मागे बसवली. फडकं रिकामं झालं.

रविवारी हिर्डोशीच्या रस्त्याला निघालो. वकील चालवत होते, सावळा शेजारी, मी आणि सोजराबाई मागे. चढावर वकिलांनी मुद्दाम दुसरा गिअर टाकून पाय दाबला. सोजराबाईने माझा दंड धरला तो सोडलाच नाही. नाचणीसाठी वावर तयार करणारी माणसं कामं टाकून बघत उभी राहिली. गिअर सुटला नाही. गावात पोचल्यावर सावळाने चकतीची गोष्ट सांगितली. वकील उतरले आणि म्हणाले, "बाई, कुंकवाची किंमत मी चुकीची लावली."

"म्या तवाच म्हनलं हुतं," ती म्हणाली, आणि माझा दंड सोडला.

मजुरी पुरी मिळाली. सगळ्या घराला ती पुरत नव्हती. मृगाच्या आधी छपराच्या पुढच्या पाखीवर कौलं चढली, मागची बाजू पुढल्या वर्षी गॅरेजच्या पगारातून झाली. कौलं मी खालून देत होतो, सावळा वर बसवत होता. सुरुवात कुठून करायची ते सोजराबाईने सांगितलं. पहिली ओळ ट्रंकेच्या डोक्यावर बसली.