मांडीखालचे हात

सुजाता आमच्या घरी आली की आधी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. मला वाटलं, पोरीला थंडी वाजून राह्यली. तर म्हणली, "मावशी, हात मोकळे असले की तुमचा मोबाईल ओढून घ्यावा वाटतो."

अंबडला आमच्या शेजारच्या खोलीत ती भाड्यानं राह्यची. डोळ्याच्या दवाखान्याची वेबसाईट बनवायचं काम होतं तिच्याकडं. म्हाताऱ्या माणसाला घरूनच आपरेशनचा नंबर लावता यावा म्हणे. मला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दोनदा बसनं गेल्ते, दोनदा नंबर संपले म्हणून माघारी आल्ते. भाकर तव्यावर अंदाजानं टाकायचे. मोबाईल हातात घेतला की पोरगा म्हणायचा, "दे इकडं, तुला न्हाई जमत." अन् त्योबी मधीच सोडून कामाला जायचा.

मी दुसरी शिकलेली. सुजातानं अक्षरं बोराएवढी केली, नाव-गाव माझ्याच बोटानं भरून घेतलं. शेवटी एक लाल बटण यायचं. तिथं मी मोबाईल खाली ठेवायचे. गल्लीतली गयाबाईबी तिथंच थांबायची. सुजातानं बटण मोठं केलं, अजून मोठं केलं. तीन दिवस तेच.

"मावशी, दिसत न्हाई का?"

"दिसतं की."

"मंग दाबत का न्हाई?"

"लाल हाये ना. लाल दाबलं की मोटार बंद व्हती. एवढं भरलेलं सगळं घालवू का?"

मालक गेल्यापासून विहिरीवरची मोटार मीच चालवली. हिरवं चालू, लाल बंद. बोटाला तेच ठाऊक.

ती हसली न्हाई. वहीत लिहिलं अन् म्हणली, "तुम्ही चुकल्या न्हाई मावशी. मी चुकले." कुणाचं काईबी अडलं की हेच म्हणायची. जन्मात मला असं कुणी म्हणलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बटण हिरवं. मी दाबलं. नंबर लागला.

आपरेशन होऊन डोळ्याची पट्टी सुटली तव्हा ती पुण्याला गेल्ती. तिचं तोंड मला धुरातल्यासारखंच आठवतं.

माझं पाहून परवा गयाबाई आली, तिलाबी नंबर लावायचा होता. आता जन्मतारीखबी विचारत्यात, तिथं तिचं बोट अडलं, ते हलेचना. माझा हात सारखा पुढं जायला लागला. मंग मी दोन्ही हात मांडीखाली घातले अन् विचारलं, "गया, तिथं काय वाटून राह्यलं तुला?"