आईची पहिली नस

मेंदू पहिल्यांदा हातात घेतला त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर जेवले. हे सांगितलं की माझ्या मैत्रिणींना अजून राग येतो, कारण त्या सगळ्या त्या दिवशी नुसत्या ताकावर होत्या. माझा स्वभावच तसा. घाबरायचं काम मी पुढं ढकलते आणि मग ते राहूनच जातं.

कॉलेज परभणीतच, गावाबाहेरच्या रस्त्याला. सकाळी डिसेक्शन हॉलमध्ये उभं राहायचं आणि दुपारी स्कूटीवरून घरी यायचं. देह टिकवायला फॉर्मॅलिन वापरतात, त्याचा वास हातमोजे घातले तरी केसांत, एप्रनात, पुस्तकाच्या पानांत मुरतो. बाबांनी पहिल्याच आठवड्यात माझं ताट खिडकीपाशी हलवलं. "डॉक्टर हो, पण जरा तिकडं बसून हो," म्हणाले. एकटी आई माझ्याजवळ येऊन बसायची. माझा एप्रन छातीशी धरून न्हाणीत न्यायची, नाकाला पदर न लावता, तोंड वाकडं न करता. मी हे कॉलेजात मिरवायचे. तुमच्या आया एप्रन काठीनं उचलतात, माझी बघा. मला वाटायचं, मायेची एवढी साधी परीक्षा दुसरी नाही आणि माझी आई त्यात पहिली आलीय.

मग आमची तोंडी परीक्षा लागली. विषय मेंदू आणि त्याच्यातून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या. नुसती नावं घोकून भागत नव्हतं, प्रत्येक नस कशी तपासायची ते करून दाखवायचं होतं. घरात तपासायला माणसं दोनच. मी दोघांनाही कामाला लावलं.

बाबा झकास पेशंट होते. दुसरी नस बघण्याची, तिच्यासाठी पेपर वाचायला दिला. तिसरी, चौथी आणि सहावी मिळून डोळे फिरवतात, म्हणून माझ्या बोटामागं त्यांचे डोळे फिरवले. पाचवीला जबडा आवळायला लावला. सातवी चेहऱ्याची, तिच्यासाठी गाल फुगवा, दात दाखवा, कपाळाला आठ्या पाडा. कपाळाच्या आठ्या बाबांच्या जन्मजात होत्या, तिथं वेळ वाचला. आठवी ऐकण्याची, तिच्यासाठी कानाशी बोटं चोळली. नववी-दहावीला "आ" म्हणायला लावून पडजीभ सरळ वर जाते का ते पाहिलं. अकरावीला खांदे उडवायचे असतात.

"ही नस आमच्या ऑफिसात लय मजबूत असती," बाबा म्हणाले. ते कारकून. "कुणी फाईल विचारायला आलं की आमी दिवसभर हीच वापरतो." आणि त्यांनी असे खांदे उडवले की त्यांची फाईल कधीच सापडली नसेल याची मला खात्री पटली. बारावीला जीभ बाहेर काढली, ती मात्र गरजेपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवली.

पहिली नस वासाची. ती मी आईसाठी राखून ठेवली होती, कारण आईचं नाक म्हणजे आमच्या नात्यागोत्यातली नावाजलेली वस्तू. तिचं माहेर पेडगाव. तिकडच्या घरातल्या कुठल्याही लग्नाचं येसर आई भाजायची. येसर म्हणजे डाळी, धान्य आणि मसाले वेगवेगळे भाजून एकत्र दळलेलं पीठ. त्याची आमटी पंगतीत चुकली तर लोक जेवणाला नाही, लग्नालाच नावं ठेवतात. आई घड्याळ बघत नसे, रंग बघत नसे. कढईवर जरा वाकायची आणि म्हणायची, "उतरवा." चार महिन्यांनी मामाच्या मुलीचं लग्न होतं आणि येसराचा जिम्मा आईचाच होता.

तर मी आईच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला, स्वयंपाकघरातला मसाल्याचा गोल डबा उघडला आणि एकेक वाटी तिच्या नाकाखाली धरत गेले. मोहरी. जिरे. धने. हळद. हिंग. लवंग. सगळं बरोबर. अख्ख्या मोहरीला कसला वास? तीही ओळखली. मी थक्क झाले. रोज संध्याकाळी हाच खेळ आणि रोज सहापैकी सहा. मी तर ठरवलं होतं की परीक्षेत हे उदाहरण द्यायचं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी रविवार होता. बाबांना अधूनमधून घरकामाचा झटका येतो. त्या सकाळी तो आला आणि त्यांनी मसाल्याचा डबा घासून, पुसून, नव्यानं भरून ठेवला. वाट्या हव्या तशा बसवल्या. मला ते दिसलं, पण त्यात लक्ष देण्यासारखं काही वाटलं नाही.

संध्याकाळी मी पहिली वाटी धरली. हिंग होता. बंद डब्यातूनही शेजारच्या घरात कळावा असा.

"मोहरी," आई म्हणाली.

दुसरी वाटी लवंगेची. "जिरे."

माझं डोकं सटकलं. "आई, उद्या परीक्षाय माझी आणि तुला मस्करी सुचायलीय?" तिसरी वाटी मी जवळजवळ तिच्या नाकाला टेकवली. हळद होती. "धने," आई म्हणाली, पण या वेळी आवाज पडलेला होता. तिच्या लक्षात आलं होतं की काहीतरी बिनसलंय, फक्त काय ते कळत नव्हतं. डोळ्यांवरचा टॉवेल तसाच ठेवून ती हातानं डब्यातल्या वाट्या चाचपू लागली.

तेव्हा मला समजलं. आई वास घेतच नव्हती. वीस वर्षं स्वतःच्या हातानं लावलेला डबा तिला पाठ होता. मी रोज त्याच वाटीपासून सुरू करून त्याच दिशेनं फिरायचे आणि ती रोज डब्याचा क्रम म्हणून दाखवायची. माझी तपासणी म्हणजे तिच्यासाठी पाढे होते.

मी टॉवेल सोडला. आईचे डोळे भरलेले.

"करोनात ताप आला हुता बघ, तवापासून मला वासच येईना गेलाय," ती म्हणाली. "आज येईल, उद्या येईल म्हणलं. दोन वर्सं झाली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? येसराची कढई दुसरीच्या हातात गेली असती."

"पण मधल्या काळात दोन लग्नांचं भाजलंस की तू!"

"मिरची भाजली का नाकाला झोंबतंय, तेवढं कळतं. बाकीचं अंदाजानं. मागल्या बारीला जरा करपलं. कुणी काई बोललं न्हाई, पण दुसऱ्यांदा आमटी बी कुणी मागितली न्हाई."

झोंबतं ते पाचव्या नसेमुळं, जबडा आवळणाऱ्या त्याच. वासाच्या नसेचं ते काम नाही. म्हणजे माझी आई दोन लग्नं पाचव्या नसेवर निभावून आली होती. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. आणि खरं सांगते, त्यातच एक स्वार्थी विचार येऊन टोचून गेला. तो एप्रन. ती माया-बिया काही नव्हती. तिला वासच येत नव्हता. वर्षभर मी जे मिरवलं ते एका बंद पडलेल्या नसेचं काम निघालं. मन खट्टू झालं, आणि अशा वेळी आपलं मन खट्टू होतंय याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी नेमकी पहिलीच नस विचारली. मी धडाधड सांगितलं. नाकाच्या छताला चाळणीसारखं भोकं असलेलं हाड असतं, त्यातून बारीक तंतू वर मेंदूत जातात. बाकीच्या संवेदना आधी मेंदूच्या मध्यावरच्या नाक्यावर थांबतात, मग पुढं जातात. वास तेवढा न थांबता आठवणी आणि भावना असतात त्या भागात थेट शिरतो. एवढं बोलले आणि पुढं भलतंच, "माझ्या आईला वास येत नाही," असं तोंडातून गेलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि काय झालं ते विचारलं. मी डब्यासकट सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखव. वासाच्या पेशी पुन्हा उगवू शकतात. नक्की सांगता येत नाही, पण नाकाला व्यायाम द्यावा लागतो.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मी घरी चार बाटल्या केल्या. लवंग, लिंबाची साल, निलगिरीचं तेल आणि गुलाब. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची आणि हुंगताना तो वास कसा होता ते मनात आठवायचं. या वेळी मी बाटल्यांचा क्रम रोज बदलायचे. आईवर आता माझा काडीचा भरवसा उरला नव्हता.

पहिला महिना काही नाही. दुसऱ्या महिन्यात निलगिरी थंड लागली, पण तीही पाचवीच. आई बाटल्यांवर चिडायची. "देवाला अगरबत्ती लावते ती बी मला नुसता धूर," म्हणायची. एकदा पोखर्णीच्या नरसिंहाला जाऊन आली आणि येताना म्हणाली, "देवाला म्हणलं, बाकी काई नको, कढईपुरतं दे." तिसऱ्या महिन्यात मामींचा फोन आला. ताई, तुमची तब्येत नसंल तर येसराचं आमी इकडंच बघू का, असं विचारत होत्या. आई दोन दिवसांत सांगते म्हणाली आणि फोन ठेवून चारही बाटल्या पुन्हा एकदा हुंगत बसली. बाबांनी त्या दिवशी एकदाही खांदे उडवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी आले. त्या दिवशी पुन्हा मेंदूच होता, उभा कापलेला. एप्रन काढला. आईनं नेहमीसारखा हातातून घेतला, छातीशी धरला आणि न्हाणीकडं निघाली. दारात थांबली. एप्रन तोंडाजवळ नेला.

"शीऽऽ! काय घाण वास मारायलाय ग हा!"

 बाबा आतून धावत आले. आई आमच्याकडं बघत होती. तिनं परत एकदा हुंगलं, परत "शी" म्हणाली, आणि मग तो ओला, कुबट, फॉर्मॅलिननं भरलेला एप्रन तोंडावर धरून ढसाढसा रडायला लागली.

तोंड धुतल्यावर तिनं पहिला फोन पेडगावला लावला. "येसर मीच करणार हाय," मामींना म्हणाली. "पोरगीला संगं आणायले. ती बी शिकंल."

जेवायला बसलो. बाबांनी सवयीनं माझं ताट खिडकीपाशी नेलं. मीही उठून तिकडं गेले. आता आईलाही वास येतो, तिला कशाला त्रास, असं वाटलं. आईनं नाकाला पदर लावला, स्वतःचं ताट उचललं आणि येऊन माझ्या मांडीला मांडी लावून बसली.

"लय घाण वास यायलाय ग तुझा," ती पदराआडून म्हणाली आणि माझ्या ताटात भाकरी वाढली.